वसईचा वेढा आणि चिमाजीअप्पांची चिकाटी

मराठ्यांच्या इतिहासांत वेगाचें कौतुक फार आहे. थोरल्या बाजीरावांचें घोडदळ आज एका नदीच्या कांठीं, तर चार दिवसांनीं दुसऱ्याच प्रांतांत, हें चित्र आपल्या मनावर ठसलेलें असतें. परंतु कोणत्याहि राष्ट्राचें सामर्थ्य केवळ वेगावरून मोजतां येत नाहीं. जेथें वेगाचा उपयोग नाहीं, जेथें एका जागीं पाय रोवून महिनेच्या महिने मार खावा लागतो, आणि यश मिळेल कीं नाहीं याची कोणालाच खात्री देतां येत नाहीं, तेथें माणसें टिकतात कीं नाहीं, हीहि एक परीक्षा आहे. मराठ्यांनीं ती परीक्षा दिली वसईस, १७३७ ते १७३९ या काळांत. आणि तिचे मुख्य नायक होते बाजीरावांचे धाकटे बंधु चिमाजीअप्पा.

आज वसई, नालासोपारा व विरार मिळून एक महानगरपालिका झालेली आहे आणि मुंबईच्या आगगाडीनें तेथें जातां येतें. किल्ला मात्र स्टेशनापासून बराच दूर, भूमीच्या अगदीं दक्षिण टोंकाला आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची रुंद खाडी, पूर्वेच्या अंगास दलदल व खाजण. उघडी राहिली ती बहुतेक एकटी उत्तरेची बाजू. त्या बाजूस पोर्तुगीजांनीं उंच तट व पुढें आलेले बुरूज उभे केले होते, आणि प्रत्येक बुरुजाच्या तोफा शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याचें रक्षण करतील अशी त्यांची रचना होती. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजरातच्या बहादूरशहानें तहान्वयें वसई पोर्तुगीजांस दिली. तेव्हांपासून दोनशें वर्षें हें शहर त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होतें. आंत मोठमोठीं चर्चें, मठ, सरदारांचे वाडे. बाहेर साष्टीपासून डहाणूपर्यंत पसरलेल्या त्यांच्या जहागिरी.

या राज्याखालीं रयतेची स्थिति सुखाची नव्हती. धर्माच्या बाबतींत जुलूम होता, देवळें पाडलीं गेलीं होतीं, वतनदारांचे हक्क एका हुकुमानें जात असत. याविरुद्ध प्रथम उठले ते कोणी सेनापति नव्हेत, तर साष्टी व भिवंडीच्या बाजूचे गृहस्थ: मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु. अंताजी रघुनाथांचें वतन जप्त झालें व त्यांना कैद भोगावी लागली. तेथून सुटून त्यांनीं पुणें गांठलें. गंगाजी नाइकांनीं पेशव्यांच्या दारीं वर्षानुवर्षें खेटे घातले. ‘साष्टीची बखर’ या प्रयत्नांची हकीकत सांगते. बखरीचा प्रत्येक तपशील जसाच्या तसा स्वीकारतां येत नाहीं. पण तिच्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मोहिमेचा निर्णय होण्यापूर्वीं दीर्घकाळ कांहीं माणसें एकच मागणी पुनःपुन्हां मांडीत होतीं, आणि दीर्घकाळ त्यांना रिकाम्या हातानें परतावें लागत होतें.

पुण्यास या मागणीकडे लवकर लक्ष गेलें नाहीं, याला कारणें होतीं, आणि तीं उपेक्षणीय नव्हतीं. मराठ्यांची मुख्य शक्ति घोडदळाची. दगडी तट, खोल पाण्यांतील गलबतें आणि कसलेले गोलंदाज यांच्याशीं घोडेस्वारानें काय करावें? जंजिऱ्याचें उदाहरण डोळ्यांसमोर होतें. शिवछत्रपतींच्या काळापासून त्या जलदुर्गावर प्रयत्न झाले, ते फसले. १७३३ सालीं स्वतः बाजीराव जंजिऱ्यावर गेले, तरीहि किल्ला हातीं आला नाहीं आणि तह करून परतावें लागलें. सिद्दीची ही कथा, तर युरोपीय पद्धतीनें बांधलेल्या वसईची काय वर्णावी? शिवाय पेशव्यांवर कर्जाचा बोजा, उत्तरेंत माळव्याचें व दिल्लीचें राजकारण पेटलेलें, दक्षिणेंत निजाम टपून बसलेला. अशा वेळीं कोंकणच्या कोपऱ्यांत पैसा व माणसें खर्ची घालूं नयेत, असें कोणी म्हटलें असतें तर तो मनुष्य भेकड ठरला नसता. व्यवहारी ठरला असता. नन्नाचा पाढा वाचणारे नेहमीं मूर्खच असतात असें नाहीं. पुष्कळदां मागील अनुभव त्यांच्याच बाजूस असतो, आणि त्यामुळेंच त्यांना ओलांडून पुढें जाणें कठीण होतें.

अखेर १७३७ च्या वसंतांत मोहीम सुरू झाली. त्या वर्षींच्या मार्च महिन्याच्या अखेरीस (नव्या पंचांगाप्रमाणें एप्रिलच्या आरंभीं) मराठे खाडी ओलांडून साष्टींत उतरले. ठाण्याचा नवा किल्ला बांधून पुरा झाला नव्हता. तो अचानक छाप्यांत पडला. खाडी कोठें व केव्हां उतरतां येते, पहारा कोठें सैल आहे, हें ठाऊक असणारीं स्थानिक माणसें बरोबर होतीं. गंगाजी नाइकांच्या इतक्या वर्षांच्या खेट्यांचें फळ एका रात्रींत पदरीं पडलें. योगायोग असा कीं, थोरला भाऊ दिल्लीच्या वेशीजवळ बादशाहीस हादरा देत होता, त्याच सुमारास धाकट्यानें साष्टी घेतली. घोडबंदर पडलें, वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा बेट हातीं आलें. पोर्तुगीजांचा सेनानी डोम लुईस बोतेल्यो याच्यावर त्याच्याच लोकांचा रोष झाला व त्याच्या जागीं दुसरा नेमला गेला. आतां वसई चार दिवसांचें काम, असें कित्येकांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु वसईनें तो भ्रम लवकरच घालविला. शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न झाले. वरून तोफा, बंदुका व दारूचे गोळे यांचा असा वर्षाव झाला कीं, माणसें गमावून परत फिरावें लागलें. पावसाळा आला. चिमाजीअप्पा पुण्यास गेले आणि मागें शंकराजी केशव फडके प्रभृति मंडळी चौक्या राखून राहिली. पुढल्या वर्षीं तर पारडें उलटें फिरूं लागलें. उत्तरेंत निजामाशीं भोपाळचा प्रसंग उद्भवला आणि सैन्याचा ओघ तिकडे गेला. इकडे नवा पोर्तुगीज सेनापति पेद्रु द मेलु आला. अशेरीचा डोंगरी किल्ला मराठ्यांच्या हातून निसटला, माहीम-केळव्याच्या बाजूसहि मोठा फटका बसला. दोन वर्षें होत आलीं, खर्च वाढत होता आणि मुख्य किल्ल्याचा एक दगडहि हलला नव्हता. मोहीम सोडून देण्यास यापेक्षां सबळ कारण कोणतें हवें होतें?

येथेंच चिमाजीअप्पांचा विशेष दिसून येतो. चिकाटी व हट्ट यांत फरक आहे. हट्टी मनुष्य एकाच भिंतीवर एकाच जागीं डोकें आपटतो. चिकाटीचा मनुष्य भिंतीकडे पाठ फिरवीत नाहीं, पण दर वेळीं तिच्याकडे नव्या दृष्टीनें पाहतो. पहिल्या वर्षींच्या शिड्यांनीं काम झालें नाहीं, तेव्हां तोच प्रकार अधिक माणसें घालून करीत बसण्याऐवजीं अप्पांनीं निराळा प्रश्न विचारला: वसई जगते कशावर? उत्तर उघड होतें. गोव्याहून येणारी कुमक, उत्तरेकडील किनाऱ्याचीं ठाणीं, खाडीचा मार्ग आणि मुंबईहून मिळणारें साह्य. हे चार दोर कापल्यावांचून किल्ल्याला हात घालणें व्यर्थ होतें.

१७३८ च्या पावसाळ्यानंतर या विचाराप्रमाणें कामास आरंभ झाला. पेद्रु द मेलु ठाणें परत घेण्यासाठीं चालून आला. मुंबईकर इंग्रजांनीं, पोर्तुगीज शेजाऱ्यांविषयींच्या जुन्या मत्सरानें, ठाण्याच्या मराठ्यांस आगाऊ सूचना दिली होती. तोफेचा गोळा लागून द मेलु पडला व हल्ला फसला. १७३९ च्या जानेवारींत अप्पांनीं उत्तर किनाऱ्यावरील ठाणीं एकामागून एक उचललीं: माहीम, केळवें, शिरगांव, डहाणू, आणि भयंकर रक्तपातानंतर तारापूर. तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकर हा पेशवे बंधूंचा जिवलग स्नेही कामास आला. त्याच वेळीं व्यंकटराव घोरपडे व दादाजीराव भावे यांनीं गोव्याच्या प्रांतांत शिरून मडगांव घेतलें, त्यामुळें तेथील विजरई सांदोमिल याला स्वतःच्याच राजधानीची चिंता पडली. वसईला मदत तो कोठून पाठविणार? मार्चमध्यें भाईंदरच्या बाजूचें धारावी व दक्षिणेकडील वेसावें हीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं. धारावी म्हणजे वसईच्या समोरचा खाडीचा कांठ. तेथें तोफा बसल्या आणि किल्ल्याचा पाण्याकडील श्वास कोंडला. मानाजी आंग्रे यांचें आरमारहि समुद्रावर होतें.

फेब्रुवारीपासून प्रत्यक्ष वेढा आवळला गेला. उत्तरेच्या बाजूस रेताड जमीन. तींत मोर्चे खणावयाचे, ते ढासळले कीं पुन्हां खणावयाचे, आणि हें सर्व तटावरील तोफांच्या माऱ्याखालीं. या कामाला वीरश्रीच्या पोवाड्यांत जागा मिळत नाहीं. घोड्यावर बसून तलवार चालविणाऱ्या मराठ्यानें कुदळ घेऊन रात्रीच्या रात्री वाळू उपसावी, हें त्याच्या स्वभावाला मानवणारें नव्हतें. पण मोर्चे हळूहळू पुढें सरकले, तटाच्या पायथ्याशीं भिडले आणि सुरुंगांचें काम सुरू झालें. मल्हारजी होळकर व राणोजी शिंदे हेहि येऊन मिळाले.

काळ मात्र अनुकूल नव्हता. फेब्रुवारींत कर्नाळच्या रणांगणावर इराणच्या नादिरशहानें बादशाही फौजेचा चुराडा केला. मार्चमध्यें दिल्लींत कत्तल झाली. नादिर दक्षिणेकडे वळणार, अशा वार्ता येऊं लागल्या. बाजीराव त्याला तोंड देण्याच्या तयारींत होते आणि त्यांना फौज हवी होती. ती फौज व तिचे उत्तम सरदार वसईच्या वाळूंत अडकलेले. वेढा उठवून उत्तरेस जावें, असें म्हणणाऱ्याच्या बाजूस आतां राष्ट्रहिताचाहि आधार होता. दुसरीकडून पावसाळा जवळ येत होता. एकदां मृगाच्या धारा सुरू झाल्या कीं, मोर्चे पाण्याखालीं जाणार, सुरुंगांची दारू भिजणार, आणि तिसरें वर्षहि फुकट जाणार. म्हणजे थांबावें तर उत्तर हातची जाते. निघावें तर दोन वर्षांचें रक्त वायां जातें. अशा पेंचांत चिमाजीअप्पा प्रकृतीनेंहि सशक्त नव्हते. छातीच्या विकारानें ते पूर्वींपासून पीडित होते.

अप्पांनीं वैतागून, किल्ला हातीं येत नसेल तर आपलें मस्तक तरी तोफेच्या तोंडीं देऊन आंत टाका, असे उद्गार सरदारांपाशीं काढले, ही कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. ती आख्यायिका आहे आणि तिला आख्यायिकेइतकाच मान द्यावा. तिच्यावर भार न टाकतांहि अप्पांचा निर्धार त्यांच्या कृतीवरून पुरेसा सिद्ध होतो. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस त्यांनीं लिहिलेलें या युद्धाचें वर्णन उपलब्ध आहे, आणि पेशवे दप्तरांतील या मोहिमेचे कागदहि आतां छापून प्रसिद्ध झालेले आहेत. त्यांतून दिसतो तो त्रागा करणारा वीर नव्हे, तर दारू, शिसें, धान्य, गलबतें व माणसें यांचा हिशेब ठेवणारा कारभारी. शत्रूच्या शौर्याचीहि तो पुरती जाणीव ठेवतो.

आणि शत्रु खरोखरच शूर होता. आंतील सेनापति मार्तिन्यु द सिल्वैर द मेनेझिश वेढ्यांत मारला गेला. त्याच्या जागीं कायेतानु द सोझ पेरेर आला. दारूगोळा व पैसा संपत आला, तेव्हां त्यांनीं मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरला. थोडी दारू व गोळे मिळाले. पुढें पंधरा हजार रुपयांचें कर्जहि मिळालें, पण त्यासाठीं चर्चमधील चांदीचीं भांडीं व पितळी तोफा यांचें तारण द्यावें लागलें. चिकाटी हा एकाच पक्षाचा मक्ता नव्हे. गोव्याहून मदतीची आशा संपली असतां या मंडळींनीं ज्या धीरानें तट राखला, त्याची थोरवी जाणल्याशिवाय वसई घेणाऱ्यांची थोरवीहि कळणार नाहीं.

मे महिन्याच्या आरंभीं (नव्या पंचांगाप्रमाणें मध्यास) अखेरचा प्रसंग आला. रेमेदियुश व सांव सेबास्तियांव या बुरुजांखालीं सुरुंग भरले होते. कांहीं सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडलें आणि मराठे आंत घुसले. इतक्यांत मागें राहिलेला सुरुंग उडाला आणि त्यांत आपलींच शेंकडों माणसें गेलीं. पोर्तुगीजांनीं बाँब, दगड, जळते गोळे जें हातीं येईल तें फेंकून हल्ला परतविला. तो दिवस हातचा गेला. आपल्याच सुरुंगानें आपलीं माणसें मारलीं गेल्यावर फौजेचा धीर खचावा, हें स्वाभाविक होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं हल्ला पुन्हां सुरू झाला. सेबास्तियांव बुरुजाचा सुरुंग पेटला, बुरूज ढासळला आणि या वेळीं मराठ्यांनीं जी जागा धरली ती सोडली नाहीं. त्या बुरुजावरून शहर माऱ्याखालीं आलें. किल्ल्यांतील सैनिक दमलेले, दारू संपलेली. ५ मे (नव्या पंचांगाप्रमाणें १६ मे) रोजीं पोर्तुगीजांनीं तहाचें निशाण दाखविलें.

जिंकण्यासाठीं एवढी किंमत मोजल्यावर सूडाची भावना अनावर होणें अशक्य नव्हतें. पण तहाच्या अटी उदार होत्या. शिबंदीनें हत्यारांसह, वाद्यें वाजवीत, निशाणें फडकावीत बाहेर पडावें. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं बायकामुलें व चीजवस्त घेऊन जावें. राहतील त्यांना धर्माची मोकळीक असावी. शहरांत, वसई प्रांतांत व साष्टींत एकेक चर्च राखावें. आठवड्याभरांत शहर रिकामें झालें आणि २०५ वर्षांचा अंमल संपला. वसईच्या परिसरांत ख्रिस्ती कुटुंबें राहिलीं, तीं आजहि आहेत आणि मराठीच्याच बोली बोलतात. हीहि त्या उदारपणाची एक साक्ष समजावी.

पोर्तुगीज हिशेबाप्रमाणें या दोन वर्षांच्या युद्धांत त्यांचीं आठ शहरें, वीस किल्ले व ३४० गांवें गेलीं. मराठ्यांचें नुकसानहि थोडें नव्हतें. शेवटच्या वेढ्यांत मेलेले व जखमी मिळून पांच हजारांवर माणूस कामास आलें, असें मराठ्यांच्याच कबुलीवरून ग्रँट डफ सांगतो. शत्रूकडील संख्या तो आठशें देतो. मुंबईस या वार्तेनें धडकी भरली. इंग्रजांनीं कॅप्टन इंचबर्ड याला चिमाजीअप्पांकडे व कॅप्टन गॉर्डन याला साताऱ्यास शाहू महाराजांच्या दरबारीं पाठविलें आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें पेशव्यांशीं तह केला. ज्यांना हें काम मराठ्यांच्या आवांक्याबाहेरचें वाटत होतें, त्यांचें म्हणणें युक्तिवादानें नव्हे, कृतीनें खोडलें गेलें.

मात्र या कथेंतून एक चुकीचा बोध घेण्याचा मोह टाळावयास हवा. शंका घेणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा म्हणजे यश मिळतें, एवढेंच तिचें तात्पर्य नव्हे. चिमाजीअप्पांनीं शंकांकडे पाठ फिरविली नाहीं. त्यांनीं प्रत्येक शंकेचा आधार काढून घेतला. आरमार कमी पडेल, तर खाडीचे दोन्ही कांठ ताब्यांत घेतले. गोव्याहून कुमक येईल, तर गोव्यालाच गुंतविलें. तट चढतां येत नाहीं, तर तो खालून उडविला. ज्या आक्षेपाला उत्तर नव्हतें, त्या पावसाळ्याच्या आक्षेपाशीं त्यांनीं शर्यत लावली व ती थोडक्यांत जिंकली. आक्षेप घेणारा मनुष्य अडचणींची यादी करून थांबतो; कर्ता मनुष्य तीच यादी हातीं घेऊन कामास लागतो.

या विजयाचें सुख भोगणें अप्पांच्या नशिबीं फारसें नव्हतें. एप्रिल १७४० मध्यें नर्मदातीरीं रावेरखेडीस बाजीराव वारले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत चिमाजीअप्पाहि गेले. वसईहि मराठ्यांकडे कायम राहिली नाहीं. १७८० मध्यें जनरल गॉडर्डनें जड तोफांच्या बळावर ती सुमारें महिन्याभरांत घेतली. पुढें ती परत मिळाली, पण १८०२ च्या अखेरच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं ज्या तहावर सही केली, त्यालाहि याच गांवाचें नांव मिळालें. पूर्वजांनीं दोन वर्षें झुंजून जें मिळविलें, त्याचें पुढील पिढी काय करील, हें कोणाच्याच हातीं नसतें.

तरीहि खुणा राहिल्या आहेत. वसईच्या यशासाठीं अप्पांनीं वज्रेश्वरीस नवस केला होता, असें परंपरा सांगते. तानसेच्या कांठचें तें देऊळ त्या नवसाची फेड मानलें जातें. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत व भीमाशंकरीं टांगलेल्या पोर्तुगीज घंटा याच मोहिमेची आठवण देतात. आणि अर्नाळ्याच्या बेटावर, विरारहून थोड्याच अंतरावर, किल्ल्याच्या दरवाजावर मराठी शिलालेख आहे. त्यांत बाजीरावांचें नांव आहे, किल्ला उभारविणाऱ्या शंकराजींचें आहे, आणि बांधकाम करणाऱ्या बाजी तुळाजीचेंहि आहे. ज्यांनीं वाळूंत मोर्चे खणले व जे सुरुंगाखालीं गाडले गेले, त्यांचीं नांवें मात्र कोठल्याच दगडावर नाहींत. वसईच्या पडक्या तटाकडे पाहतांना त्यांचें स्मरण व्हावें; कारण सेनापतीच्या निर्धाराला अखेर आधार असतो तो एकदां मागें फेंकले गेल्यावरहि दुसऱ्या दिवशीं पुन्हां खिंडाराकडे चालूं लागणाऱ्या पायांचा.